दुसरं कार्ड

म्हैसूर,
२३ एप्रिल २०२५

अंबुजाताईंना मिलिंदचा नमस्कार.

घरी सगळे बरे असतील. लग्नसराईचे ब्लाउज उरकले का? मेटगळ्ळीला आमच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झालीय, म्हणून चामराजपुरमला येणं झालं नाही. छे, खोटं कशाला लिहू? तुमच्या दुकानावरून दोनदा गेलो, गाडी थांबवली नाही.

आपल्या फोटोच्या ग्रुपातली सहना सांगत होती, रविवारी फोटो काढायला तुम्ही आमच्याबरोबर येणंच सोडलंत. माझी तयारीच कमी पडते, म्हणालात म्हणे. ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही, ताई.

बैलकुप्प्याच्या तिबेटी मठात मुखवट्यांचा नाच होता, त्या दिवशी मी बावळटासारखा रिकामा कॅमेरा घेऊन आलो. मेमरी कार्ड घरी लॅपटॉपमध्ये राहिलं असं वाटलं. तुमच्याकडे दोन कार्डं, दोन बॅटऱ्या, शिवाय माझ्यासाठी चपाती-चटणी. दुसरं कार्ड तुम्ही लगेच मला दिलंत. तासाभरात तुमचं भरलं, तशा पायरीवर बसून जुने फोटो एकेक पुसायला लागलात. आणि नाचणाऱ्या म्हाताऱ्या लामांचा तो अक्राळविक्राळ मुखवटा घसरला. आत ते हसत होते. मी बटण दाबलं. तुम्ही मान वर केलीत तोवर मुखवटा जागेवर गेला होता.

"इरली बिडी, असू दे, नशीब तुमचं," एवढंच म्हणालात.

त्याच फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ते घेताना मी माइकवर ऐटीत सांगितलं, नशीब काय, तयारीत असेल त्यालाच भेटतं. समोर तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

आता खरं सांगतो. माझं कार्ड घरी नव्हतंच. घाम पुसायला रुमाल काढला तेव्हा ते खिशात हाताला लागलं. तुम्ही चार पावलांवर फोटो पुसत बसला होतात. नुसतं तुमच्या हातात ठेवायचं होतं. ठेवलं नाही. तुम्ही उठून शेजारी उभ्या राहिलात तर फोटो तुमचाच चांगला येणार, हे मला ठाऊक होतं.

संयोजकांना हे सगळं कळवलंय, बक्षीसही परत केलंय. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. माफी मागायला तोंड नाही. पण स्वतःला दोष देऊ नका.

तुमची तयारी पुरी होती. नशीबही आलं होतं. आड मी आलो.

मिलिंद