फक्कीची सरळ रेघ

३ मार्च, सकाळ
वहीबाई, माफ कर. अठरा दिवस लिहिलं नाही. मान आखडली होती, शिवाय चष्मा सापडत नव्हता. (पहिल्याच दिवशी सापडला.)
आमच्या गल्लीखालून पाणी, वीज, टेलिफोन सगळं एकाच बोगद्यातून नेणार आहेत. खोदायचं कसं, ते ठरवणार कोण? तर एक हेल्मेटबाई. वय माझ्या सुनेहून कमी. म्हणे गल्ली अरुंद, दोन्ही टोकांना एकेक खड्डा घेऊ आणि खालून जॅकने पाइप ढकलत नेऊ. ढकलत! पाइप म्हणजे काय बंद पडलेली मोटार आहे? एकतीस वर्षं मुकादम होतो. जमीन उघडावी, बघावी, पाइप टाकावा, बुजवावी. यात शाळा कसली शिकायची?

५ मार्च
सुनेचं इस्त्रीचं दुकान गल्लीतच. तिने विचारलं, सहा महिने गल्ली उघडी राहिली तर गिऱ्हाईक काय उड्या मारत येणार? म्हटलं, तीन महिन्यांत बुजवून देतो. ती म्हणाली, देतो म्हणजे? तुम्हाला बोलावलंय कोणी, बाबा?
अशांच्या तोंडी लागू नये. (जेवताना लागलो.)

९ मार्च
हेल्मेटबाईला गाठलं. जुना पाण्याचा पाइप मीच टाकलाय, डोळे मिटून दाखवतो, बिनघोर उघडा, म्हटलं. ती म्हणाली, आजोबा, जागा नक्की असेल तर तसंही करता येईल, आधी चाचणी खड्डा घेऊ. आजोबा! तरी माफ केलं. कुठे खणायचं त्याची चुन्याची फक्की मीच मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतासारखी सरळ. सून दारातून बघत होती. आत काहीतरी करपल्याचा वास आला.
उद्यापासून सहाला साइटवर.

१२ मार्च
दहाला पोचलो. मान.
पाच फूट खणलं, पाइप नाही. अजून खाली, म्हटलं. सहा फूट. नाही. एक मजूर म्हणाला, मुकादम, पाइप गावाला गेला का? उद्धट जात. शेवटी चार फूट बाजूला, सुनेच्या उंबऱ्याला चिकटून सापडला. चांगला वळसा घेतलेला.
तेव्हा आठवलं. खडक लागला होता. फोडायला दोन दिवस गेले असते आणि मेव्हण्याचं लग्न होतं. वळवला. नकाशावाल्याला सांगितलं, सरळ आहे. खडक मात्र खरंच मोठा होता.

१४ मार्च
जॅकच ठरला. कागदावर कारण दिलंय: जुन्या पाइपांची माहिती भरवशाची नाही, उघडी खोदाई धोक्याची, खोलवरून जावे. म्हणजे निर्णय माझ्यामुळेच झाला.
सुनेने न मागता चहा दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही चुकलात म्हणून दुकान वाचलं. दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकासमोर.
हेल्मेटबाईला चिठ्ठी धाडली: गावभर पाइप मीच टाकलेत, पुढे माझी गरज लागेलच.

१७ मार्च
उत्तर आलं. म्हटलंच होतं!
सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं: आजोबा, तुम्ही आणखी कुठे कुठे पाइप टाकलेत, त्याची यादी पाठवा. तोवर गावातलं सगळं खोदकाम थांबवून ठेवलंय. कृपा करून लवकर कळवा.