गल्लीनं गल्लीला दिलेला जामीन

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलावंसं कितीदा वाटलं. आज लिहायला बसले आहे ती मात्र आठवण दाटून आली म्हणून नाही. मला भीती वाटते आहे. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत बँकेची जीप आली आणि टोकाच्या घराच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवून गेली. तुमचीच बँक, अण्णा! ज्या बँकेच्या कर्जखात्यात तुम्ही उभा जन्म काढलात, तीच.

तेव्हापासून रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की माझ्या हातातलं काम थांबतं. शिकवणीला आलेली मुलं पाढे म्हणत असतात आणि मी दाराकडे बघत असते. नळावर बायका थट्टा करतात, "काय हो मास्तरीणबाई, बँकेचे जावई तुमच्याकडे आले की नाही अजून?" सगळ्याजणी हसतात. हसणं संपलं की कुणीच कुणाकडे बघत नाही.

तुमच्या खऱ्या जावयांचं सांगायचं तर, ते काम करत होते तो कापड विणायचा लूमचा कारखाना दिवाळीनंतर उघडलाच नाही. शेटनं लूम भंगारात विकले. जाड लोखंडाचे तुकडे टेम्पोत भरताना हे तिथे उभे होते. घरी आले आणि म्हणाले, "अगं, किलोवर गेले." एवढंच. आता ते पर्वत पाटियाकडच्या कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे वाहतात. मिळतं त्यात घर चालतं, पण घराचा हप्ता निघत नाही. थकलेल्या हप्त्यावर व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज. आपण राहतो ते घर आपलं आहे की बँकेचं, हे आता भिंतीला हात लावूनही कळत नाही.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, मला ठाऊक आहे. "कर्ज माफ करायचं म्हणजे कुणाच्या खिशातून? बँकेला स्वतःचे पैसे नसतात, सुनंदा." बरोबर आहे. आईची ठेवही त्याच बँकेत आहे. तुमच्या फंडाची. बँकेनं सगळ्यांचीच कर्जं माफ केली आणि उद्या बँकच बसली, तर आईनं कुणाच्या दारात जायचं? मी दोन्ही बाजूंनी घाबरलेली आहे, अण्णा. तुम्हाला कधी अशी दोन्हीकडून भीती वाटली होती का हो?

आणि एक गोष्ट तुम्हाला विचारायचीच आहे. रागावू नका.

आपल्या गल्लीला कर्ज मिळत नव्हतं, कारण जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. खानदेशातून आलेल्या लूमकामगारासाठी सुरतेतला कोणता व्यापारी सही करणार? तेव्हा तुम्ही तोड काढलीत. याला तो जामीन, त्याला हा जामीन. गल्लीनंच गल्लीला जामीन राहायचं. किती अभिमान होता तुम्हाला त्याचा! "जामीनदार रोज समोर दिसला की माणूस हप्ता चुकवत नाही," म्हणायचात. आमच्या वास्तुशांतीला तुम्ही आमचे जामीनदार म्हणून शेजारच्या भिलाभाऊंना पाटावर बसवलंत, टोपी-उपरणं दिलंत आणि जावयांना त्यांच्या पाया पडायला लावलंत. मग त्यांच्या वास्तुशांतीला त्यांनी यांना पाटावर बसवलं.

पण अण्णा, आपली सगळी गल्ली एकाच धंद्यावर जगते, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? लूम थांबला तर सगळ्यांचाच थांबणार. बुडणाऱ्यानं हात धरायचा तो दुसऱ्या बुडणाऱ्याचाच! तुम्ही इतके हिशेबी, तुम्हाला हे दिसलं नाही? की दिसलं होतं, पण आम्हाला घरं मिळावीत म्हणून तुम्ही तिकडे डोळेझाक केलीत? तसं असेल तर मला तुमचा राग येणार नाही. पण मला ते कळायला हवं होतं.

सुरतेत प्लेग आला त्या साली आपण सगळे गावाकडे पळालो होतो, आठवतं? तेव्हाही भीती होती. पण ती सगळ्यांची मिळून होती. एकाच गाडीत कोंबून बसलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. ही भीती मात्र ज्याची त्यानं दार लावून सोसायची. भिलाभाऊ रोज सकाळी चहाला यायचे, तेही यायचे बंद झाले. मी पाणी भरायची वेळ बदलली, का तर त्यांची गाठ पडू नये. मला वाटलं, आमचे हप्ते थकल्याचं त्यांना कळलंय आणि ते रागावलेत. रागावणारच ना? त्यांचं डाईंग मिलचं काम चालू होतं, पोरीचं लग्न ठरत आलेलं होतं.

काल मी बँकेत गेले. ज्यांना झेपत नाही त्यांनी अर्ज केला तर काही माफी मिळेल, असं ऐकलं होतं. तुमच्या जागेवर आता एक तरुण साहेब बसतो. बोलायला गोड आहे. अर्ज पुढे सरकवून म्हणाला, "बेन, माफ तो थाय, पण पहेला जामीनदार." अर्जात तशी ओळच होती. आधी जामीनदाराकडून वसूल करावे, माझी हरकत नाही. खाली माझी सही.

म्हणजे मी माफी मागायची आणि बँकेनं भिलाभाऊंच्या दारात जायचं!

मी तो कागद हातात धरून मागे वळले, तर बाकावर भिलाभाऊ बसलेले. माझ्यामुळे यांना बोलावून घेतलं, हेच मनात आलं. मी काही बोलणार, तोच ते उभे राहिले आणि एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले.

"माय, माफ कर. मन्हामुळे तुले आठे येनं पडनं."

त्यांच्यामुळे मला इथे यावं लागलं? मला कळेचना. मग दिसलं, त्यांच्या हातातही तोच अर्ज होता. डाईंग मिलनं त्यांना आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवलंय. त्यांचेही हप्ते थकलेत, आमच्याआधीपासून. माझी गाठ टाळायला ते गल्लीच्या मागच्या बाजूनं ये-जा करत होते. मी रडायला लागले, तर म्हणाले, "तू कसाले रडस? मले भी भ्याव वाटस ना."

मग ते साहेबांपुढे गेले आणि आपली अहिराणी आवरून धड हिंदीत म्हणाले, "साहेब, इसका जामीन मैं, मेरा जामीन इसका आदमी. अब पहले किसके घर जाओगे?" रांगेतले दोघंतिघं हसले. मलाही हसू फुटलं, खरं सांगते. साहेब मात्र हसला नाही. त्यानं दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून नीट वाचले आणि शांतपणे म्हणाला, "तो पछी बेउ घर."

दोन्ही घरं.

अण्णा, कालपासून मी तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते आहे. तो काही वाईट माणूस नाही. जे लिहिलंय तेच त्यानं वाचलं. तुम्हीही कधी असंच वाचून दाखवत होतात का? समोर उभी असलेली बाई तुम्हाला दिसायची का?

घरी येताना भिलाभाऊ माझ्याशी बोलत होते, पुष्कळ दिवसांनी. मी त्यांना म्हटलं, सगळं माफ करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आईची ठेव आहे तिथे. पण व्याजावरचं व्याज सोडून द्या, हाताला पुन्हा पुरतं काम मिळेपर्यंत हप्ता लहान करा, एवढं मागायला काय हरकत आहे? जे मुळात घेतलं ते आम्ही फेडू. आमचं घर विकून बँकेला काय मिळणार? या गल्लीत आता घर घेणार तरी कोण? ते म्हणाले, "हाई तू बोल. मले इतलं बोलता येत नही."

बोलायचं मलाच आहे. सोमवारी मोठे साहेब भेटणार आहेत. गल्लीतल्या घराघरात जाऊन मी सांगून आले, कुणी एकट्यानं जाऊ नका. काहींनी दार उघडलं, काहींनी नाही. सोमवारी माझ्यामागे किती जण असतील, कोण जाणे. साहेब ऐकतीलच असंही नाही. कदाचित जीप आधीच येईल.

पण तुम्हाला वचन देते, अण्णा. माझा आवाज कापला तरी मी बोलेन. आणि माझ्या जामीनदाराच्या दारात बँकेला पाठवणाऱ्या त्या ओळीखाली मी सही करणार नाही. घर गेलं तरी नाही.

तुमची घाबरलेली लेक,
सुनंदा