बाळाचं पाणी आणि तुझं नाव

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण या उन्हाळ्यात मी तुला भलत्याच कामाला लावलं. लेक पुन्हा नुंगंबाक्कमच्या ऑफिसात जायला लागली आणि तिची पाच महिन्यांची मुलगी दिवसभर माझ्याकडे आली. पहिल्याच सकाळी लेकीनं बजावलं, "अम्मा, कितीही उकडलं तरी पाणी द्यायचं नाही. फ्रिजमधलं माझं दूधच द्यायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी नोकरी सोडते."

तिला काय ठाऊक, ती स्वतः कशी वाढली! अजून डोळ्यांसमोर आहे: ती तान्ही, तू पाणी खळखळ उकळतेस, झाकून निववतेस आणि पालाडैतून, त्या चोचीच्या चांदीच्या वाटीतून, तिच्या इवल्या ओठांत सोडतेस. मी कुरकुरले की म्हणतेस, "तुला पाजलं तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, बाळानं भोकाड पसरलं आणि नेमकी अड्यारहून मावशी, तुझी धाकटी बहीण, आलेली. "अय्यो, घसा सुकला की गं लेकराचा! चमचाभर पाणी दे."

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई सांगतात, दुधात हवं तेवढं पाणी असतं. एवढंसं पोट पाण्यानंच भरलं तर दूध जाणार कुठे? आणि इतक्या लहान जिवाला ते सोसतही नाही."

"तुझी डॉक्टरीण कालची पोर!" मावशी चमचा शोधायला उठलीसुद्धा. लेकीची नोकरी त्या चमच्यावर आली.

"मावशी, तुझ्या अक्कानंच सांगितलं होतं. शेवटच्या आजारात. सहा महिन्यांच्या आत थेंब नको म्हणून."

मावशी तशीच मागे फिरली. "अक्का म्हणाली? मग नको बाई." बाळ दूध पिऊन झोपलं. मावशीच पदरानं वारा घालत बसली.

आता बाळाला सहा महिने पूर्ण झालेत. पेजेबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे एक-दोन घोट, तेही छोट्या उघड्या पेल्यातून. पहिला घोट तिनं मावशीच्या रेशमी साडीवर फुर्रकन उडवला. मावशी एवढी हसली की तिलाच ठसका लागला.

सध्या ती नात्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला फोन करून तुझा नियम ऐकवते. त्यात तुझा आवाजही काढते, अगदी हुबेहूब. आई, तू असं कधीच म्हणाली नव्हतीस, हे मावशीला सांगायचा मला धीर नाही. पत्र तुला पोचणार नाही, तेच बरं. पोचलं असतं तर तू पहिला फोन तिलाच केला असतास.