आतून घासलेलं मडकं

आई,

आज १२ जानेवारी २००१, शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. ओमानच्या किनाऱ्यावरच्या सहम गावात, आमच्या कामाच्या घरात, मागच्या खोलीतल्या लांब टेबलाशी बसून मी आत्तापर्यंत माशांचे मणके मऊ ब्रशने झटकत होतो. आज सगळ्यांना सुट्टी आहे, मलाही कुणी बोलावलेलं नाही. पण या खुर्चीवर मला कालच परत बसवलंय आणि ती एक दिवसही रिकामी ठेवायची मला भीती वाटते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दाराला कडी लावल्यावर ती लागली की नाही हे बघायला मी अजूनही अर्ध्या वाटेवरून परत येतो.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो, म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. इथे समुद्रकाठाला जमीन हळूहळू उकरून हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची वस्ती शोधतात. सोनंनाणं काही निघत नाही. निघतात शिंपले, मासळीची हाडं, जळक्या खजुराच्या बिया आणि फुटकी मडकी. त्यावरून ती माणसं काय जेवत होती ते ठरवतात. एकदा एक जबडा आला, त्यातल्या दाढांना मोठाले खड्डे होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे खजुराच्या गोडाने किडलेत. या मॅडम परदेशातून येतात, तपासणीचं सगळं काम त्यांच्याकडे आहे. त्या बोलत होत्या आणि मी जिभेने माझीच दाढ चाचपत होतो.

मी इथे आलो तो भांडी घासायला. या लोकांच्या स्वयंपाकघरात हेल्पर म्हणून. तिथल्या डब्यांवर मी नावं लिहिली होती, इंग्रजीत, एकेक अक्षर तीनदा तपासून. शाळा अर्धवट राहिली हे माझ्या स्पेलिंगवरून कुणाला कळू नये, एवढंच मनात होतं. मॅडमनी एक दिवस हळदीचा डबा उचलून विचारलं, हे कुणी लिहिलं? दुसऱ्या दिवशी मी या टेबलाशी होतो. पिशव्यांवर नंबर घालायचे, खापऱ्या धुऊन वाळत ठेवायच्या. मजूर आणि स्वयंपाकघर सांभाळणारे इथलेच एक ओमानी गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो, त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे. ते म्हणाले, "देख, सीझन भर ठीक से किया तो तेरा कागज़ बदलवा दूँगा. हेल्पर नहीं, स्टोर असिस्टंट." आई, स्टोर असिस्टंट म्हणजे खुर्ची. उभ्याने काम करून तुझे पाय कसे सुजायचे ते मी रोज बघत होतो.

आणि मग ते मडकं आलं. अर्धंअधिक शाबूत, बाहेरून काळंभोर. मॅडम म्हणाल्या, बाहेरचं काळं अजिबात घासू नकोस, त्यावरून चुलीचं कळतं. मला इतका आनंद झाला! तूही हेच म्हणायचीस. लग्नाच्या मांडवामागे पालथ्या पडलेल्या त्या मोठ्या टोपांच्या रांगेत तू मला बसवायचीस आणि सांगायचीस, "बाहेरची काजळी राहू दे रे, चुलीवरचं भांडं आहे, काळं असणारच. आतून बोट फिरव. लागतंय काही? मग अजून घास. खरकट्या भांड्यात दुसऱ्याला जेवायला घालणार काय?" एकदा एका टोपाच्या तळाला लागलेली खीर मी तशीच सोडली, तर सगळ्या बायकांसमोर तू तो टोप माझ्या डोक्यावर पालथा घातलास. सगळ्या हसल्या. मीही आतून हसत होतो, माझाच आवाज घुमत होता.

या मडक्याच्या आत तळाला तसाच एक थर होता. काळपट, कडक, बोटाला खरखरीत लागणारा. मॅडम बाहेर खड्ड्याकडे गेल्या होत्या. मी बाहेरच्या बाजूला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. आतून मात्र भिजवलं, घासलं, पुन्हा भिजवलं. जेवणाची वेळ झाली तरी उठलो नाही. बोट गुळगुळीत फिरायला लागलं तेव्हा उन्हात ठेवलं, आणि मॅडमची वाट बघत बसलो.

मॅडम आल्या. त्यांनी मडकं हातात घेतलं, उजेडाकडे फिरवलं आणि आत वाकून बघितलं. मग हळूच विचारलं, "आतलं कुठे गेलं?"

मी म्हणालो, "साफ केलं, मॅडम."

त्यांना तेच हवं होतं. तो थरच. त्यासाठीच ते मडकं इतकं जपून आणलं होतं. त्या ज्याला रेसिड्यू म्हणतात ते आपलं खरकटं, हे मला त्या क्षणी समजलं. बाहेरचं घासू नकोस हे त्यांनी बजावलं होतं. आतलंही तसंच ठेवायचं हे सांगायला हवं असं त्यांना वाटलं नाही, आणि ते विचारायला हवं असं मला वाटलं नाही. आपल्या घरात वाढलेल्या कुणाला वाटलं असतं?

अर्बाब धावत आले. त्यांनी मडक्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "खलास! हज़ारों साल से खाना रखा था, किसी ने हाथ नहीं लगाया. तू आया और बर्तन माँज दिया!" मजूर इतके हसले की एकाला ठसका लागला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कच्ची भाजलेली माती तेल-तूप शोषून घेते, कदाचित आत काही उरलं असेल. त्यांनी एक तुकडा डबीत घालून नेला. जाताना म्हणाल्या, निकाल आला की बघू. तोपर्यंत मी परत स्वयंपाकघरात.

ते वर्ष मी कसं काढलं ते सांगत नाही. टेबलाशी आता दुसरं कुणी बसेल, कागद बदलणार नाही, म्हातारपणापर्यंत मी मोरीशीच उभा. भांडी घासताना हात मध्येच थांबायचा. कढईला लागलेलं बघत राहायचो. आचारी ओरडायचा, "अरे क्या, फोटो निकालेगा उसका?"

परवा मॅडम परत आल्या आणि काल त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. मातीत चरबी सापडली होती. सगळ्यांना वाटत होतं मासे असतील, चारी बाजूंना मासळीचीच हाडं. निघालं दूध. बहुतेक बकरीचं, आटवलेलं. समुद्राच्या काठावर कुणीतरी दूध आटवत होतं आणि ते तळाला लागलं होतं. लागलेल्या दुधाचं भांडं किती छळतं ते मला कुणी सांगायला नको, मी म्हणालो, "म्हणूनच एवढा वेळ लागला, मॅडम." या वेळी त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. दुधात काय शिजवलं होतं, धान्य की खजूर की नुसतंच दूध, ते वरच्या थरातून कळलं असतं. आता कधीच कळणार नाही. त्या रागावून बोलल्या नाहीत, नुसतं सांगितलं.

दारात अर्बाब उभे होते. त्यांनी विचारलं, "तो इसको किचन में ही रहने दूँ?"

मॅडम म्हणाल्या, "नको. आता या घरात मडकं आतून कोणी धुणार नाही, यावर नजर ठेवायला याच्यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही."

"यल्ला, चल," अर्बाब मला म्हणाले, "बैठ जा. मगर पानी से दूर बैठ."

तर मी बसलोय. पण कालपासून माझ्या डोक्यात ते मडकं नाही, तुझं ताट आहे. त्या दिवशी तू मांडवातून दुपारी दोनला आलीस, जेवायला बसलीस आणि मधेच उठून भिंतीला टेकलीस. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तुला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मामा मला घरी घेऊन आला तेव्हा ताट तिथेच होतं. आता प्रार्थनेला लोक येतील, खरकटं ताट बघतील, तुला लाज वाटेल, एवढंच मला सुचलं. मी ते घासून फळीवर उभं करून ठेवलं.

मग शेजारची मावशी आली. रडता रडता तिने विचारलं, "जेवली तरी होती का रे? काय जेवली शेवटचं?" मी म्हणालो, बोंबलाचं कालवण आणि भात. तिला बरं वाटलं. तिने ते सगळ्यांना सांगितलं. अजूनही गावी गेलो की कुणी ना कुणी म्हणतं, तुझी आई पोटभर बोंबलाचं कालवण खाऊन गेली.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, म्हणून लिहितो. आई, ताटात काय होतं ते मी बघितलंच नव्हतं.