तिरकी घोडी

आई, तुझ्या खडूची रेघ अजून त्या गिटारवर आहे. आज सकाळी धूळ पुसायला घेतली, तर तारांखालच्या घोडीच्या मागे, जिथं फडकं नीट पोचत नाही तिथं निळी रेघ दिसली आणि मी एकटीच हसत सुटले. तू जाऊन किती वर्षं झाली, तुझ्या पाठोपाठ आबाही गेले, नेरूळच्या त्या घरासमोरच्या मोकळ्या मैदानावर इमारती उठल्या, आणि ब्लाउज आखायचा खडू मात्र जागचा हलला नाही. म्हटलं, हे तुला सांगितलंच पाहिजे.

तेव्हा आपण नेरूळला नवेच होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. निम्म्या खोल्या रिकाम्या, कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा लांब चालायचं, आणि तरी कॉलनीतल्या पोरांनी जयंतीसाठी भीमगीतांचा ग्रुप उभा केला. ढोलकी होती, बँजो होता, गाणारे तर घरटी एक. नव्हती ती बेस गिटार, खालचा जाड सूर धरून ठेवणारी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी थोडी वाजवली होती, त्या जोरावर बोलून बसले की बेस मी वाजवणार. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग त्यांचा म्होरक्या म्हणाला, जयंतीच्या आधी वाद्य आण, सुरात वाजवून दाखव, नाहीतर कोरसमध्ये उभी राहा. घरी येऊन मी आदळआपट केली. तू मशीनवर ब्लाउज शिवत होतीस, पाय थांबवला नाहीस. कोरसमध्ये काय वाईट आहे म्हणालीस, आणि लगेच आबांना विचारलंस, कंपनीत लाकूड मिळेल का म्हणून.

आबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत फिटर. त्यांना तर निमित्तच हवं होतं. मशीन आलेल्या खोक्याच्या फळ्या साहेबाला विचारून आणल्या आणि त्या जोडून, कापून गिटारचं अंग केलं. मान एका मोडक्या गिटारची, जुन्या बाजारातून. तारांचा आवाज अॅम्प्लिफायरला पोचवणारा पिकअपही तिचाच. तारा खालच्या टोकाला अडकवायला दरवाजाची कडी. राहिली ती तारा ज्यावर टेकतात ती पट्टी. पोरं तिला ब्रिज म्हणत, तू घोडी म्हणायचीस, कारण तुझे वडील गावाकडं एकतारीवर गायचे आणि त्यांच्या एकतारीला घोडी होती. आबांनी खिडकीवाल्याकडचा अॅल्युमिनियमचा अँगल कापून, घासून, चार खाचा पाडून ती घोडी अशी केली की बघत राहावं.

आणि मग घाई नडली. हिशेब तसा चुकला नव्हता. मानेच्या वरच्या टोकापासून तिच्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून पुढं घोडीपर्यंत. म्हणजे बाराव्या पट्टीवर तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात निघतो. आबांनी तुझ्या टेपनं मोजलं, काटकोन लावला आणि स्क्रू पिळून मोकळे झाले. आता बघा, म्हणाले. मी तार छेडली. मोकळी तार झकास. बाराव्या पट्टीवर दाबली, तर सूर दाताखाली खडा आल्यासारखा. आबा म्हणाले, बरोबरच आहे. मी रडायच्या बेतात. तू ओट्यापाशी भाकरी थापत होतीस, वळलीसुद्धा नाहीस.

"वर चढायलाय गं सूर," म्हणालीस. "अन् अवो, कच्चे टाके न घालताच पक्की शिलाई मारलीत व्हय?"

त्या रविवारचं आठवलं की अजून पोटात गुदगुल्या होतात. तू हात धुऊन येतेस, पदर खोचतेस, तारा ढिल्या करायला लावतेस आणि आबांना त्यांचेच स्क्रू काढायला लावतेस. आबा बिचारे तोंड एवढंसं करून बसलेत. तारा पुन्हा आवळल्यावर घोडी त्यांच्या दाबानंच उभी राहते, सरकवली की सरकते. जाड तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून घोडी थोडी मागं हवी, हे मला पुढं कधीतरी कळलं. तुला फक्त ऐकू येत होतं. तू मोकळ्या तारेचा सूर गळ्यात धरतेस, वरचा लावतेस, मी पट्टीवर दाबते, आबा हातोडीच्या दांड्यानं घोडीला टिचकी मारतात. "अजून मागं." टिचकी. "गेला की खाली. या अलीकडं." एक तार जुळली की तू तिथं खडूची खूण करायचीस. सगळ्या जुळल्या तेव्हा दिसलं की जाड तारेकडची बाजू जास्त मागं गेलीय. तू रेघ ओढलीस, ती तिरकी. आबांच्या जिवाला ते सोसेना. लोक म्हणतील फिटरला सरळ लावता येत नाही.

"तिरकं, उरेब कापल्याबिगर कापड अंगावर बसतंय का?" तू म्हणालीस आणि भाकरीकडं गेलीस. ती करपली होती. आबांनी जुन्या भोकांत गोंद लावून काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, रेघेवर नवे स्क्रू पिळले, आणि करपलेली भाकरी तक्रार न करता खाल्ली.

पोरांनी वाजवून बघितलं आणि मला स्टेजवर घेतलं. निळ्या पताका, पहिल्या रांगेत तू, नवी साडी. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या बोटाखालचा तो जाड सूर माणसांच्या छातीत शिरताना मला दिसला. आई, तेवढा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, हे तुझ्या जावयाला सांगू नकोस. परतताना तू वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगत होतीस, शेवटच्या गाण्याला तर तार अशी जागेवर बसली होती म्हणून.

शेवटच्या गाण्याआधी माझ्या अॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला होता. ढोलकीच्या दणक्यात कुणाला पत्ता लागला नाही. मी हसत हसत नुसती बोटं नाचवली, एक सूर बाहेर गेला नाही. हे मी तुला कधी बोलले नाही. पण भाकरी थापता थापता केसाएवढा चढलेला सूर ज्या कानांना कळला, त्यांना सबंध गाणं बेस नाही हे कळलं नसेल? तुला विचारायचं राहून गेलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी विचारलं नाही, कारण बायकांना सांगताना तुझा आवाज इतका फुलला होता की ते गाणं मी वाजवलंच, असं मलाही वाटायला लागलं होतं. अजूनही वाटतं.