बाकीच्यांचे डोळे

६ जुलै १९३५, नांदुरा
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. खरं म्हणजे या घराचा मला वीट आला आहे. घरभर सरकीचा कुबट वास. दारात चिखल. दादा जेवताना मचमच आवाज करतो आणि वहिनी सरकी कालवलेल्या हातानेच माझ्या ताटात भाकर टाकतात. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने हे किती दिवस पाहायचं?

फार दिवस नाही. बायकोचे चुलते अर्जुनराव भुसावळला रेल्वेत आहेत, त्यांनी गार्डच्या जागेसाठी माझं नाव पुढे केलं आहे. सप्टेंबरात डोळ्यांची टेस्ट. ती पास झालो की क्वार्टर. सरस्वतीची स्वतःची चूल. तिला दिवस गेले आहेत, मूल क्वार्टरातच रांगेल. डोळ्यांची काळजी नाही. आमच्या शेतातून स्टेशनची पाटी मला वाचता येते.

८ जुलै
दवाखान्यातले किसनराव कंपाउंडर भेटले. त्यांच्याकडे डोळ्यांच्या रोगांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. ते त्याच्या पानांच्या पुड्या बांधतात. अर्धं पुस्तक क्विनाइनबरोबर तालुकाभर गेलं. उरलेलं मागून आणलं. पानांवर कसलेतरी डाग आहेत, हात लावायला शिसारी येते. पण आत दृष्टिदोषांचं वर्गीकरण आहे. टेस्टच्या वेळी डॉक्टरांवर छाप पडेल.

आधी घरापासून सुरुवात. कागद आखून घेतला.

१० जुलै, सायंकाळी
वर्ग पहिला, जवळचं न दिसणारे: दादा. पंचांग हातभर लांब धरतो आणि तरी एकादशी चुकवतो.
वर्ग दुसरा, एकाचे दोन दिसणारे: सोजरावहिनी. माझ्या ताटातली एक भाकर त्यांना नेहमी दोन दिसते.
वर्ग तिसरा, अर्धंच क्षेत्र दिसणारे: पुन्हा दादा. शेतात त्याला त्याचंच काम दिसतं.
वर्ग चौथा, रातांधळे: शालिग्राम गडी. काम सांगितलं की दिवसाही.
वर्ग पाचवा, डोळ्यांपुढे नसलेल्या माश्या दिसणारे. हे निदान नांदुऱ्यात करता येणार नाही. माश्या आहेतच.

सहावा वर्ग रंगांधळ्यांचा. फक्त मथळा शिल्लक आहे, पान पुडीला गेलं. किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, काही लोकांना लाल अन् हिरवं एकच दिसतं, त्यांनी तर असा माणूस पाहिला नाही, पण रेल्वेत साहेब लोकांना तपासतात म्हणे. म्हणजे हा साहेबांचा रोग. दारूने होत असणार. आपल्या लोकांत नाही. वर्ग रिकामा ठेवला.

स्वतःसाठी वरती वेगळी जागा केली: निर्दोष.

१५ जुलै
परवा वर्गीकरण घरात वाचून दाखवलं. दादा म्हणाला, निंदण पडलं आहे अन् तू कागद रंगवून राह्यला. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. सत्य ऐकवत नाही लोकांना. सरस्वती मात्र शेवटच्या वर्गापाशी थांबली. तो रिकामा का, विचारत होती. समजावून सांगितलं. तरी ती त्या मथळ्यावर बोट ठेवून होती. बायकांना शास्त्रात गती कमी.

२ ऑगस्ट
सकाळी स्टेशनवर गेलो, गार्डचं काम बघायला. काम काहीच नाही. दोन झेंडे धरायचे अन् शिटी मारायची. झेंडे दोन्ही एकाच ठाणातून फाडलेले, मळकट. इतकी मोठी रेल्वे अन् ही काटकसर. सिग्नलचा हात पडला की गाडी सुटते हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग झेंडा कशाला? गार्ड झालो की यावर लिहून पाठवीन.

प्लॅटफॉर्मवर एक जण केळ्याच्या सालीवर थुंकला. घरी येऊन अंघोळ केली.

११ ऑगस्ट
ठेचा खाल्ला आणि तोंडाची आग झाली. वहिनींनी मला परसातून हिरव्या मिरच्या तोडून आणायला सांगितलं होतं. आणल्या. त्या म्हणतात निम्म्या पिकून लाल झालेल्या आणल्या. मुद्दाम खोड काढतात. वर्गीकरणाचा राग अजून आहे. सरस्वतीने मिरच्या निवडून वेगळ्या केल्या आणि यापुढे परसात तीच जाईल म्हणाली. पोटुशी बाई. म्हटलं जा.

२८ ऑगस्ट, पोळा
संताप. किळस. या गावात सौंदर्यदृष्टी नाही.

बैलांची शिंगं रंगवायचं काम दादाने माझ्याकडे दिलं. दोन डबे होते. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारत बसणाऱ्याचं काम कधी होत नाही. एक डबा संपेपर्यंत लावला, मग दुसरा उघडला. चारही शिंगं अशी चकचकीत, थेंब कुठे ओघळला नाही. तोरणाखाली जोडी उभी केली तर लोक हसू लागले. आधी एक, मग सगळी रांग. दादा पुढे आला अन् बघतच राहिला.

"काय करून ठेवलं बे हे? हरण्याचं एक शिंग लाल, एक हिरवं? रेल्वेचा खांब करून टाकला बैलाचा."

मला वाटतं डब्यांत भेसळ होती. वाळल्यावर रंग उतरला असेल. दादा नीट सांगतही नाही आणि चारचौघांत अपमान करतो. क्वार्टर मिळाल्यावर याला पाण्यालाही बोलावणार नाही.

३० ऑगस्ट
पोळ्याचे लोकरीचे गोंडे सोडून ठेवले आहेत, त्यांना बैलांच्या मानेचा घाण वास. सरस्वतीने दुपारी ते माझ्यापुढे आणून टाकले. म्हणाली, हिरवे तेवढे काढून द्या. दोन मिनिटांत ढीग काढला. ती ढिगाकडे बघत राहिली. माझ्या वेगाने थक्क झाली असावी. मग त्यातले बरेचसे उचलून परत ठेवले, एकेक करून, आणि मला म्हणाली, हे पहा, हा असा, अन् हा असा. ती दोन्ही वेळा एकच गोंडा दाखवत होती. दिवस गेलेल्या बाईचं मन थाऱ्यावर नसतं, म्हणून मान डोलावली.

संध्याकाळी पुन्हा तेच. मी वैतागून उठलो.

१७ सप्टेंबर
उद्या भुसावळ. कोट झटकला, वर्गीकरणाची सुवाच्य नक्कल खिशात ठेवली. सरस्वती दारात आली. एरवी ती कधी आड येत नाही.

"भुसावळले नका जाऊ. मले नाई पाह्यजे क्वार्टर. अटीच बरं आहे."

इथे काय बरं आहे? वहिनींच्या चुलीपुढे सकाळपासून डोळे चोळत बसते, दोन महिन्यांपूर्वी हीच क्वार्टरात तुळस कुठे लावायची ते विचारत होती. मला सोडून राहवणार नाही, म्हणून म्हणत असेल. म्हटलं, वेडी आहेस. तिने माझा फेटा आणून दिला. फेटा रोज तीच काढून देते. मला लागतही नाही तशी मदत, पण तिला आवडतं.

१८ सप्टेंबर, भुसावळ
उत्तम. अपेक्षेहून उत्तम.

भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर खूश. मग टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग. हसू आलं. पोळ्याचे गोंडेच! डॉक्टरांनी एक लड हातात दिली, म्हणाले हिच्या जातीच्या सगळ्या काढा, फिक्या-गडद सगळ्या. माझ्या आधीच्या मलकापूरच्या पोराने मोजक्या काढल्या होत्या. मी एकही सोडली नाही. टेबलाच्या अर्ध्या भागावर माझा ढीग. डॉक्टरांनी आणखी एक लड दिली. पुन्हा ढीग. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवा दाखवला, कोणता म्हणून विचारलं. म्हटलं, कंदील. बरोबर कंदीलच होता.

वर्गीकरण दाखवायचं राहिलं. पुढचा माणूस बोलावला.

१९ सप्टेंबर
अर्जुनरावांनी सकाळी सांगितलं. रेल्वे डोळ्यांप्रमाणे माणसांचे वर्ग करते. गार्ड अन् ड्रायव्हर वरच्या वर्गात. मला शेवटच्या वर्गात घातलं आहे, जिथे रंगाशी संबंध येत नाही. पाणी भरणं वगैरे. डॉक्टरांचा शेरा: रंगांधळा.

मी म्हटलं, चूक झाली आहे, तो मलकापूरचा पोरगा असेल. अर्जुनराव माझ्याकडे बघेनात. त्यांच्या क्वार्टरात कांद्याचा अन् ओल्या फडक्यांचा वास होता. नाहीतरी असलंच घर मिळणार होतं.

गाडीत कळलं काय झालं ते. लोकर जुनी होती. रंग उडालेली.

२३ सप्टेंबर
निश्चय: रेल्वेच्या मोठ्या साहेबांकडे तक्रारअर्ज. उद्या लिहीन. शाई संपली आहे.

३० सप्टेंबर
शाई आजच आणली. दुकानदाराला शोधू न देता फळीवरची बाटली मीच उचलली. अर्ज चार पानी. पोळ्यापासून लोकरीपर्यंत सगळं मुद्देसूद. किसनरावांना वाचायला दिला. त्यांनी पान उलटसुलट केलं आणि विचारलं, "तुळशीराम, आख्खा अर्ज लाल शाईनं काऊन लिहिला?"

मी म्हटलं, मुद्दाम. लक्ष वेधावं म्हणून. त्यांच्या नखांत टिंक्चर अडकलेलं होतं. अर्ज परत घेतला आणि घरी येऊन चुलीत घातला. भाषा जरा कडक झाली होती.

१९ ऑक्टोबर
जिनिंगमध्ये नोकरी धरली, कापूस पाहून ढीग लावायची. मीच निवडली. पांढरं काम, स्वच्छ. तशी नाकात रुई जाते, दिवसभर शिंका, शेंबूड. शी. पण हंगामापुरतंच. नंतर पुन्हा परीक्षेला बसीन, नव्या लोकरीवर.

८ नोव्हेंबर
परवा डोहाळजेवण. हिरवं लुगडं लागतं. वहिनी म्हणाल्या, मी येते बाजारात. सरस्वतीही म्हणाली, वहिनींना न्या. हे काय चाललं आहे? बायकोसाठी लुगडं मी आणू शकत नाही? एकटा गेलो. दुकानदाराने दोनदा विचारलं, डोहाळजेवणाले हेच? म्हटलं, मला शिकवू नका. त्याच्या तोंडात तंबाखू होता, बोलताना माझ्या बाहीवर उडाला. किळस आली. सूत मात्र छान आहे, मऊ.

१० नोव्हेंबर
दुपारी बायका जमल्या. मी शेजारच्या खोलीत, दार लोटलेलं. ओटी, गाणी, सगळं ठीक. मग एकदम गप्प झाल्या. सरस्वती लुगडं नेसून बाहेर आली असावी. सोजरावहिनींचा आवाज आला, की डोहाळजेवणाला विटकरी लुगडं कुणी नेसतं का, भावजींना इतकंही समजत नाही का. कुणीतरी हसलं. कुणीतरी बैलाच्या शिंगांचं काढलं.

सरस्वती म्हणाली, "मीच सांगतलं होतं हाच रंग आनाले. मले हिरव्याचा कटाळा आला."

वहिनी म्हणाल्या, असं कुठं असतं बाई, अपशकुन होतो. सरस्वती म्हणाली, नाही होत.

मी खोलीतच बसून राहिलो. जेवायला बोलावलं तेव्हा पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

११ नोव्हेंबर
दिवसभर विचार केला. मिरच्या. शिंगं. शाई. लोकर नवीही असेल.

अंगणात ती तांदूळ निवडत होती. विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? तिने सूप खाली ठेवलं नाही.

"लग्नातच. अंतरपाट निघाल्यावर तुमी हळूच म्हणले, हिरवा शालू लय शोभते. तो लाल होता."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला शोभते असं वाटलं होतं ना, मग. आणि तांदळातला खडा काढून टाकला. म्हणजे माझा फेटा रोज का काढून देते, आणि उपरण्यांच्या कोपऱ्यांना वेगवेगळ्या गाठी का, ते आज कळलं. मला वाटायचं तिला गाठी मारायची खोड आहे. माझी मलाच शिसारी आली. बाकीच्यांची येते त्याहून वाईट.

१२ नोव्हेंबर
वर्गीकरणाचा कागद काढला. सहाव्या वर्गात माझं नाव लिहिलं. निर्दोषची जागा रिकामी राहिली. तिथे तिचं लिहायला घेतलं, पण तिला आता काजव्यासारखं चमकतं डोळ्यांपुढे, बाळंतपणापर्यंत राहील म्हणते. म्हणून नाही लिहिलं. किसनरावांना सांगून ठेवलं आहे, तिला एकदा बघा म्हणून.

४ डिसेंबर
हिला माहेरी, मलकापूरला, बाळंतपणासाठी न्यायला तिचे वडील आले. किसनरावांनी तिला पाहिलं आहे. म्हणाले अशक्तपणा आहे, माहेरी दूध भरपूर द्या. स्टेशनवर आमच्यासोबत दादाही आला, बोचकं घेऊन. प्लॅटफॉर्मवर तीच घाण, त्याच माश्या. ती खिडकीशी बसली, तेच विटकरी लुगडं नेसून. मऊ आहे म्हणाली. तिकडे दूर गार्ड डब्यातून वाकला आणि झेंडा बाहेर काढला.

मी खिडकीच्या गजाला धरून तिला विचारलं, कोणता?

"हिरवा. आता सुटते."

मी म्हटलं, हो, दिसतोय. तिने मान डोलावली. गाडी सुटली.

दिसला नव्हता. घरी येऊन दादासोबत जेवलो. त्याने मचमच केली. मी वहिनींकडे आणखी अर्धी भाकर मागितली.