घसरगुंडीचा पहिला मान

३ मार्च, सोमवार
बागेतल्या बोगद्यासारख्या घसरगुंडीचं डिझाइन माझ्याकडे आलं. शेवटी गुणांची कदर झाली म्हणायची. पिवळी बंद नळी, दोन वळणं. कॉम्प्युटरवर आधी नुसता कर्व्ह काढायचा, त्याच्याभोवती नळी आपोआप तयार होते. माझ्या डाव्या हातचा मळ! साहेबांनी बघताक्षणी पास केला. घरी ठकीला सांगितलं. सात वर्षांची पोर, पण बापाची किंमत तिच्या आईपेक्षा तिला जास्त कळते.

४ मार्च
साहेबांनी कारखान्याची रीत सांगितली. ज्याने कर्व्ह काढला, त्यानेच पहिल्यांदा घसरायचं. मी हसलो. लागोपाठ तीन ग्लास पाणी प्यायलो. भीती नव्हे, एसी फार होता.

५ मार्च
सॉफ्टवेअरमध्ये नळीतून कॅमेरा खाली सोडता येतो. सोडला. पहिल्याच वळणावर टेबल घट्ट धरलं. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली की भूकंप झाला का. हा मोठ्या मॉनिटरचा परिणाम.
कर्व्हवर टिपके असतात, ओढले की वळण बदलतं. वरचा टिपका जरासा खाली ओढला. साहेबांना सांगण्याइतकी मोठी गोष्ट नाही.

७ मार्च, दुपारी ४
ठकीने मैत्रिणींना सांगून टाकलंय की माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत. सगळ्या बघायला येणार. मला वर बजावलं की डोळे मिटायचे नाहीत. मी हिला म्हटलं, पोरीला आवर. ही म्हणाली की पाल दिसली की पलंगावर कोण चढतं, ते तिने अजून पोरीला सांगितलेलं नाही.

१० मार्च
उतार कमी करताना मध्येच उंचवटा आला. तो घालवायला आणखी टिपके टाकले, तर उंटाची पाठ झाली. माउस थरथरतो, नवा मागायला हवा. शेवटी बरेच टिपके उडवले. कर्व्ह आता शांत दिसतो. निश्चय: यापुढे हात लावायचा नाही.

११ मार्च
हात लावला. थोडासाच.

१२ मार्च
फाइल साचा बनवायला गेली. आता देवालाही अनडू करता येणार नाही. रोज स्वप्नात नळी येते, तिला खालचं तोंडच नसतं. दचकून उठतो. पित्त झालंय.

२९ मार्च, सकाळी
आज. निश्चय: हसतमुखाने बसायचं. जिन्यात दोनदा अडखळलो. बूट नवे आहेत.

२९ मार्च, संध्याकाळी
बसलो, सुटलो, आणि पहिल्या वळणानंतर थांबलो. पुढे सपाट, मागे चढ, भोवती अंधार. खालून साहेब ओरडून विचारत होते की कुठवर आलात. पाचावर धारण बसली होती. रडलोसुद्धा.
वरून कुणीतरी सरपटत आलं. ठकी. माझ्या पाठीला पाय लावून तिने मला ढकलत ढकलत पुढे नेलं. उजेड दिसायला लागल्यावर हळूच सांगितलं की आधी डोळे पूस.
साहेब म्हणाले की ही घसरगुंडी नव्हे, बाकडं आहे, आणि उद्या केबिनमध्ये या. मैत्रिणींनी काय झालं विचारलं, तर ठकीने सांगितलं की बाबा घाबरले नव्हते, आत थांबून नीट तपासणी करत होते.
असं मी रोज स्वतःला सांगतो. तिच्या तोंडून ऐकवेना.